नदीत फेकलेले छापखाने : बाबांसोबत आल्टन ते ओसावाटोमी

बाबा या वर्षी पहिल्यांदा आमच्याकडे शिकागोला आले. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, त्यांनी सगळं बघितलं, फोटो काढले, पण मन काही रमत नव्हतं. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "जोतीरावांनी गुलामगिरी ज्या लोकांले अर्पण केली, त्या लोकांकडं नेमकं काय झालं होतं, ते दाखव ना मले."

बाबा बावीस वर्षं अकोल्याला एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे टाईप, एकेक उचलून जुळवायचे, ऑफसेट आलं तेव्हा ते काम सुटलं, पण हातातून गेलेलं प्रत्येक पान त्यांनी वाचलेलं होतं. १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अजून त्यांना पाठ आहे, अमेरिकेतल्या गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांच्या सन्मानार्थ फुल्यांनी ते पुस्तक अर्पण केलंय. मी इथं चौदा वर्षं राहते आणि मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. १८६१ ते १८६५ उत्तर विरुद्ध दक्षिण युद्ध, लिंकन, गुलामी संपली, एवढंच. पण एक अख्खा देश तिथपर्यंत पोचला कसा, हे मला सांगता येईना.

मग दोन आठवडे रात्री बसून वाचलं आणि रूट आखला. बहुतेक लोक यासाठी पूर्वेकडे गेटिसबर्गला वगैरे जातात, रणांगणं बघायला. आम्ही ठरवलं रणांगण नकोच, युद्धाच्या आधीची पंचवीस वर्षं बघायची, आणि ती गोष्ट बरीचशी इकडे मिसिसिपीच्या आसपास आणि पुढे कॅन्ससमध्ये घडलीय. नवरा गाडीवर, बाबा पुढे, मी मागे कागदांचा गठ्ठा घेऊन. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा.

दिवस पहिला, मंगळवार : स्प्रिंगफील्ड आणि आल्टन

सकाळी सहाला निघालो. शिकागोच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीन आणि मका, संपता संपत नाही. सोयाबीन पिवळं पडून सोंगणीला आलेलं, बाबा खिडकीतून तेच बघत होते, मधेच म्हणाले एवढ्या वावरात एक माणूस दिसत नाही.

स्प्रिंगफील्डला जेवायला थांबलो. लिंकन इथंच वकिली करायचा. जुनं विधानभवन बाहेरूनच बघितलं, १८५८ च्या जूनमध्ये 'दुभंगलेलं घर उभं राहू शकत नाही' हे त्याचं भाषण इथं झालं, ते सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्याच्या वीस वर्षं आधीचं, जानेवारी १८३८ चं भाषण बाबांना सांगायचं होतं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि जमावाच्या दंडेलीवर बोलला होता, त्यात एक वाक्य आहे की लोकांना छापखाने नदीत फेकता आले आणि संपादकांना गोळ्या घालता आल्या तर हे सरकार टिकायचं नाही. नाव घेतलं नाही त्यानं. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं असणार, कारण तसंच घडून दोनच महिने झाले होते.

ते जिथं झालं त्या आल्टनला आम्ही दुपारी चारला पोचलो. गाव मिसिसिपीच्या काठावर, चढावर. आल्टन म्हणजे इलिनॉय, गुलामी नसलेलं राज्य, आणि समोरचा काठ मिसुरी, गुलामीचं राज्य. नदी रुंद आहे पण पलीकडची झाडं स्पष्ट दिसतात. तिकडे माणूस विकता यायचा, इकडे नाही. आता इकडं सगळं चांगलं होतं असंही नाही, १८५३ मध्ये याच इलिनॉयनं कायदा केला की काळ्या माणसानं या राज्यात राहायला यायचंच नाही.

इलायजा लव्हजॉय आधी पलीकडे सेंट लुईसमध्ये पेपर काढायचा. १८३६ मध्ये तिथं फ्रान्सिस मॅकिंटॉश नावाच्या एका स्वतंत्र काळ्या खलाशाला जमावानं झाडाला बांधून जिवंत जाळलं. लव्हजॉयनं त्यावर लिहिलं. न्यायाधीश ज्युरीला काय म्हणाला, तर हे काम मोठ्या जमावाचं असेल तर ते कायद्याच्या कक्षेबाहेर जातं, आणि वर दोष कोणाला, तर असलं छापणाऱ्यांना. लव्हजॉयचं ऑफिस फोडलं. तो बायकोमुलाला घेऊन इकडे आल्टनला आला, मुक्त राज्य म्हणून. इथं त्याचा पहिला छापखाना बोटीतून उतरला त्याच रात्री नदीत गेला. दुसरा आणला, तो फोडला. तिसरा आणला, तो पण नदीत. चौथा आला तेव्हा तो आणि त्याचे मित्र बंदुका घेऊन गोदामात पहाऱ्याला बसले. ७ नोव्हेंबर १८३७ ची रात्र. जमावानं शिडी लावून छपराला आग लावायला सुरुवात केली, ती शिडी ढकलायला लव्हजॉय बाहेर आला आणि त्याला पाच गोळ्या लागल्या. ९ नोव्हेंबरला पुरलं, तो त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता. कोणालाच शिक्षा झाली नाही. मशीन खिडकीतून खाली टाकलं, तुकडे केले आणि नदीत.

बरीच वर्षं त्याच्या कबरीवर खूणसुद्धा नव्हती. १८९७ मध्ये टेकडीवरच्या स्मशानभूमीत मोठा स्तंभ उभारला, वर पंखवाली विजयदेवता. बाबा चढ चढून गेले, गुडघे दुखतात तरी. बराच वेळ खाली उभे होते. मग विचारलं, "चार? चार वेळा नवीन मशीन आणलं त्यानं?" मी हो म्हटलं. "अन् खिळे?" मला खिळ्यांचं माहीत नव्हतं. बाबा म्हणाले मशीन एक वेळ मिळतं, पण खिळ्यांच्या केसेस, म्हणजे अक्षरांचे खण, फुल्ल करायला वर्ष जातं.

संध्याकाळी खाली नदीजवळच्या चौकात गेलो. लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे पुतळे आहेत, खऱ्या माणसाएवढे, बाजूला जाऊन उभं राहता येतं. १८५८ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत दोघांच्या सात जाहीर सभा झाल्या समोरासमोर, शेवटची इथं, १५ ऑक्टोबरला. तीन तास चालायची एकेक सभा, एक तास पहिला बोलणार, मग दीड तास दुसरा, मग परत पहिला अर्धा तास, आणि लोक उभ्यानं ऐकायचे. डग्लसचं म्हणणं, प्रत्येक प्रदेशातल्या गोऱ्या लोकांनी मतदान करून ठरवावं गुलामी पाहिजे का नको, वर हो म्हणतात का नाही म्हणतात याच्याशी मला देणंघेणं नाही. लिंकन इथं आल्टनला म्हणाला की हा झगडा जुनाच आहे, तू राब, घाम गाळ, भाकर कमव, अन् ती मी खातो, असं म्हणणारी ही वृत्ती, मग ती राजाच्या तोंडून येवो की गुलामाच्या मालकाच्या. बाबांना मी हे भाषांतर करून सांगितलं तर त्यांनी परत म्हणायला लावलं. पण त्यांना हेही सांगितलं की याच लिंकननं महिनाभर आधी चार्ल्सटनच्या सभेत, हे इलिनॉयमधलं चार्ल्सटन, स्पष्ट म्हटलं होतं की गोऱ्या-काळ्यांची सामाजिक आणि राजकीय बरोबरी मला नको आहे. दोन्ही सांगायला पाहिजे, नाहीतर आपण पुतळाच बघून परत येतो.

दिवस दुसरा, बुधवार : सेंट लुईस

सेंट लुईसची ती मोठी कमान सगळे बघतात, आम्ही पण बघितली, पण आमचं काम तिच्या समोरच्या जुन्या कोर्टात होतं. हिरवट घुमटाची इमारत, बरीच वर्षं बंद होती, २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन परत उघडली. दाराबाहेर ड्रेड स्कॉट आणि हॅरिएट स्कॉट, नवराबायकोचा पुतळा, हातात हात घेतलेला, नजर समोर.

आधी या पायऱ्यांचं सांगते. मालक मेला, वारस नाही किंवा कर्ज आहे, तर कोर्टाच्या हुकमानं त्याची मालमत्ता विकायची, त्यात घोडे, पलंग आणि माणसं. ती माणसं इथं याच पायऱ्यांवर उभी करून विकायचे. आणि याच इमारतीत ६ एप्रिल १८४६ ला ड्रेड आणि हॅरिएटनं आपल्या स्वातंत्र्यासाठी दावे लावले, दोघांनी वेगवेगळे.

दावा साधा होता. ड्रेडचा मालक लष्करातला डॉक्टर, त्यानं ड्रेडला वर्षानुवर्षं इलिनॉयमध्ये आणि वरती उत्तरेला फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत ठेवलं, दोन्हीकडे गुलामी बेकायदा. मिसुरीची कोर्टं तोपर्यंत मानायची की एकदा मुक्त भूमीवर राहिला तो मुक्त. म्हणजे केस जिंकण्यासारखीच होती. १८४७ ला तांत्रिक मुद्द्यावर हरले, १८५० ला ज्युरीनं मुक्त म्हटलं, १८५२ ला मिसुरीच्या सुप्रीम कोर्टानं फिरवलं, म्हणे आता काळ पूर्वीसारखा राहिला नाही. दोन मुली होत्या, एलायझा आणि लिझी, त्यांचं बालपण यातच गेलं.

६ मार्च १८५७ ला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, सात विरुद्ध दोन. सरन्यायाधीश टेनी. आफ्रिकन वंशाचा माणूस, गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, म्हणून त्याला या कोर्टात उभं राहायचाच हक्क नाही. गोऱ्या माणसानं मान राखावा असा कुठलाही हक्क यांना नाही, असं घटना करणारे मानत होते, असं त्यानं लिहिलं. आणि वर संसदेला नव्या प्रदेशांत गुलामी बंद करायचा अधिकारच नाही. टेनीला वाटलं होतं की हा वाद कोर्ट एकदाचा मिटवून टाकेल. उत्तरेत जे लोक तोपर्यंत गप्प होते ते या निकालानं खवळले, कारण आता तडजोडीला कायद्यात जागाच उरली नव्हती.

बाबा प्रदर्शनातल्या बाकावर बसले. म्हणाले, "अकरा वर्षं कोर्टात फिरला अन् शेवटी त्याले सांगतलं का तू बोलूच शकत नाही?"

दुपारी कॅलव्हरी स्मशानभूमीत गेलो, शहराच्या उत्तरेला. निकालानंतर अडीच महिन्यांनी ड्रेडच्या, त्या डॉक्टरच्याही आधीच्या, मालकाच्या मुलानं त्यांची मालकी आपल्याकडे घेऊन त्यांना मुक्त केलं. सेंट लुईसच्या एका हॉटेलात ड्रेड हमाल म्हणून काम करायचा, आणि दीड वर्ष पण मिळालं नाही, सप्टेंबर १८५८ मध्ये क्षयानं गेला. लहान करडा दगड आहे, शेजारी अलीकडे बसवलेला मोठा काळा. लहान दगडावर लोक एकेक सेंटची नाणी ठेवतात, त्यावर लिंकनचा चेहरा असतो. पावसानं काळी पडलेली, हिरवी चढलेली, काही नवी लखलखीत. बाबांकडे एक सेंट नव्हता, नवऱ्यानं गाडीतून आणून दिला. बाबांनी चप्पल काढली, नाणं ठेवलं, हात जोडले. हॅरिएटची कबर दुसऱ्या स्मशानभूमीत आहे, ती नवऱ्यामागं अठरा वर्षं जगली, युद्ध बघितलं, गुलामी संपलेली बघितली.

दिवस तिसरा, गुरुवार : मिसुरी आडवं पार

दिवसभर गाडीत. सेंट लुईस ते कॅन्सस सिटी चारशे किलोमीटर, बघायला फारसं काही नाही, म्हणून बोलणंच झालं.

बाबांनी सुरुवातीलाच विचारलं की सुरू कुठून झालं. मी म्हटलं कापसापासून धरा. १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र निघालं आणि दक्षिणेत कापूस एवढा पसरला की १८६० पर्यंत देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त पैसा कापसाचा होता आणि गुलाम जवळजवळ चाळीस लाख. बाबांचं बालपण कापसात गेलंय, बोंडातून कापूस ओढताना नखाजवळ कशी चिरं पडतात ते त्यांनी लगेच सांगितलं. आणि त्यांना एक गोष्ट आधीच माहीत होती, युद्ध लागल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत सट्टा फुगला, १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं.

पण वाद राजकारणात कसा फिरला ते असं. प्रत्येक नव्या राज्यासोबत प्रश्न यायचा, गुलामीचं का मुक्त, कारण सिनेटमधली दोन मतं त्यावर ठरायची. १८२० मध्ये याच मिसुरीवरून अडलं, मग तडजोड, मिसुरी गुलामीचं, मेन मुक्त, आणि पश्चिमेत एक रेघ ओढली, साडेछत्तीस अंशाची, तिच्या उत्तरेला गुलामी नाही. रेघ चौतीस वर्षं टिकली. मधल्या काळात लोक गुलामीविरुद्ध अर्ज पाठवायचे संसदेला, हजारोंनी, तर १८३६ मध्ये खालच्या सभागृहानं नियमच केला की असले अर्ज वाचायचेच नाहीत, बाजूला ठेवून द्यायचे. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स म्हातारपणी खासदार होता, तो आठ वर्षं या नियमाशी भांडला तेव्हा कुठे तो नियम रद्द झाला.

मग मेक्सिकोशी युद्ध, नवी जमीन, परत भांडण, १८५० ची तडजोड. त्यात पळून गेलेल्या गुलामाला पकडायचा कडक कायदा. पकडलेला माणूस अधिकाऱ्यासमोर उभा करायचा, त्याला स्वतःची साक्ष द्यायला बंदी, आणि अधिकाऱ्यानं त्याला दक्षिणेत परत पाठवलं तर दहा डॉलर फी, सोडलं तर पाच. नवरा एवढा वेळ गप्प गाडी चालवत होता, तो हे ऐकून म्हणाला हे कायद्यात लिहिलं होतं? लिहिलं होतं. उत्तरेतल्या साध्या माणसाला तोपर्यंत गुलामी लांबची वाटायची, आता ती त्याच्या गल्लीत आली, कारण पकडायला मदत करणं त्याच्यावरही बंधनकारक झालं.

आणि १८५४. डग्लसला शिकागोहून पश्चिमेला रेल्वे पाहिजे होती, त्यासाठी कॅन्सस-नेब्रास्का प्रदेशाला रीतसर सरकार पाहिजे, त्यासाठी दक्षिणेची मतं पाहिजेत, आणि दक्षिणेनं किंमत सांगितली, ती रेघ पुसा. त्यानं पुसली. तिथले लोकच मतदान करून ठरवतील म्हणाला. व्हिग नावाचा तेव्हाचा मोठा पक्ष यातच फुटून संपला आणि त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष, लिंकनचा पक्ष, उभा राहिला.

बाबा बराच वेळ बाहेर बघत राहिले. "म्हणजे माणूस विकाचा का नाही, हे मत टाकून ठरवाचं होतं. अन् ज्याले विकाचं त्याले मत नाही."

रात्री आठला लॉरेन्सला पोचलो, थकून झोपलो.

दिवस चौथा, शुक्रवार : लॉरेन्स आणि लेकॉम्प्टन

या दिवशी जास्त लिहिते, कारण बाबांसाठी तोच दिवस होता.

लॉरेन्स आता विद्यापीठाचं गाव आहे, मुख्य रस्त्याचं नाव मॅसॅच्युसेट्स स्ट्रीट, कारण १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधूनच गुलामीविरोधी लोकांना इथं वस्तीला पाठवलं, मतं वाढवायला. तसेच मिसुरीतून गुलामीवाले आले, पण ते राहायला नाही, मतदानापुरते. मार्च १८५५ मध्ये निवडणूक झाली. थोडे दिवस आधीच्या शिरगणतीत मतदार होते २,९०५, मतं पडली ६,३०७. बंदुका घेऊन घोड्यांवरून हजारो लोक नदीपलीकडून आले, मत टाकलं आणि घरी गेले. असं निवडून आलेल्या विधिमंडळानं कायदा केला की या प्रदेशात गुलाम ठेवायचा हक्क नाही असं जो बोलेल किंवा छापेल त्याला किमान दोन वर्षं सक्तमजुरी. तो १५ सप्टेंबर १८५५ ला लागू झाला. त्याच दिवशी लॉरेन्समधल्या एका पेपरनं एक अख्खं पान काढलं, मोठ्यात मोठ्या टायपात, की आम्ही आज म्हणतो आहोत, या प्रदेशात गुलाम ठेवायचा हक्क कोणालाही नाही.

मी त्या पानाचा फोटो मोबाईलवर बाबांना दाखवला. त्यांनी मोठं करून बघितलं, ओळीओळीनं. म्हणाले हा टाईप लाकडी असणार, पोस्टरचा, एवढा मोठा शिशाचा कोणी ठेवत नाही, आणि जुळवणाऱ्यानं घाईत नाही जुळवलं, बघ किती सरळ आहे. त्यांच्या छापखान्यात ७५ च्या आणीबाणीत पानं सेन्सॉरकडून कोरी येऊन पडायची, ते हळू आवाजात सांगत होते, मी हे आधी कधी ऐकलं नव्हतं.

२१ मे १८५६ ला गुलामीवाल्यांचा शेरीफ जोन्स शेकडो लोक घेऊन गावात आला. तोफा लावून फ्री स्टेट हॉटेल पाडायचा प्रयत्न केला, पडेना म्हणून जाळलं. आता त्या जागी एल्ड्रिज हॉटेल आहे, आम्ही लॉबीत जाऊन बसलो थोडा वेळ. आणि दोन पेपरांचे छापखाने फोडून खिळे नेऊन कॅन्सस नदीत ओतले. आल्टननंतर एकोणीस वर्षांनी तेच. ऑगस्टमध्ये फ्री स्टेटवाल्यांनी, म्हणजे कॅन्सस मुक्त राज्य पाहिजे म्हणणाऱ्यांनी, नदीतून ते शिसं काढलं, वितळवून तोफेचे गोळे केले आणि लेकॉम्प्टनजवळच्या गुलामीवाल्यांच्या एका किल्लेवजा घरावर डागले, पेपरची दुसरी आवृत्ती आली रे असं ओरडत.

रस्त्यावरच्या वॉटकिन्स म्युझियममध्ये त्या काळातल्या एका तोफेचा फुटलेला तुकडा आहे. लोक ही गोष्ट सांगताना हसतात. बाबा हसले नाहीत. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं, खिळा पकडायचे तसं, ती त्यांची सवय आहे. म्हणाले, "अक्षरं वितळवून गोळे केले म्हणजे बोलाचं संपलंच."

लॉरेन्सवरच्या त्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ मे १८५६ ला, वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या सभागृहात प्रेस्टन ब्रुक्स या साउथ कॅरोलिनाच्या खासदारानं गुलामीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठी मोडेपर्यंत मारलं, कॅन्ससवर भाषण केलं म्हणून. समनर बाकात अडकला होता, त्याला उठता येईना. तीनेक वर्षं तो नीट कामाला येऊ शकला नाही. ब्रुक्सनं राजीनामा दिला, लोकांनी परत निवडून दिला, आणि दक्षिणेतून त्याला भेट म्हणून नव्या काठ्या आल्या.

दुपारी लेकॉम्प्टनला गेलो, अर्ध्या तासाच्या आत. कॅन्सस प्रदेशाची एकेकाळची राजधानी, आता छोटंसं गाव. कॉन्स्टिट्यूशन हॉल म्हणजे साधी दुमजली लाकडी इमारत, पांढरी. वरच्या हॉलमध्ये जुन्या फळ्या पायाखाली करकरतात. इथं १८५७ मध्ये गुलामीवाल्यांनी राज्यघटना लिहिली, आणि मतदान ठेवलं ते असं की गुलामीसह घटना किंवा गुलामीशिवाय घटना, पण शिवाय म्हटलं तरी आधी आणलेले गुलाम राहणारच. नको म्हणायची चिठ्ठीच नव्हती. फ्री स्टेटवाल्यांनी बहिष्कार घातला आणि जानेवारीत वेगळं मतदान घेतलं, त्यात १०,२२६ लोकांनी ही घटना नाकारली. तरी राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनननं तीच संसदेपुढे रेटली, फेब्रुवारी १८५८ मध्ये मध्यरात्री खासदारांची हातघाई झाली. इथं डग्लस आपल्याच पक्षाच्या ब्युकॅननच्या विरोधात गेला, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे, लोकांनी ठरवावं म्हटलं ना मग हे लोकांनी ठरवलेलं नाही, असं म्हणाला. दक्षिणेनं त्याला माफ केलं नाही. १८६० ला डेमोक्रॅटिक पक्ष दोन तुकड्यांत लढला.

संध्याकाळी परत लॉरेन्स. १८६३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्या क्वांट्रिलच्या टोळीनं हे गाव जाळलं, दीडशेहून जास्त पुरुष आणि पोरं मारली. तो युद्धाचा भाग, आमच्या विषयाच्या पुढचा, पण या गावात ते विसरून चालता येत नाही.

दिवस पाचवा, शनिवार : ओसावाटोमी आणि परत

ओसावाटोमी एक तास दक्षिणेला. पार्कमध्ये एक दगडी इमारत आहे आणि तिच्या आत अख्खं लाकडी घर, ओंडक्यांचं, रेव्हरंड अडेअर आणि त्याची बायको फ्लोरेला यांचं. फ्लोरेला जॉन ब्राउनची सावत्र बहीण. तो इथं येऊन राहायचा.

लव्हजॉय मारला गेला तेव्हा ओहायोतल्या एका प्रार्थनासभेत हाच ब्राउन उठून उभा राहिला होता आणि गुलामी नष्ट करायला आयुष्य देईन अशी शपथ घेतली होती. आल्टनची गोळी इथपर्यंत आली. लॉरेन्स जळालं, समनरला मारल्याची बातमी आली, आणि २४ मे १८५६ च्या रात्री ब्राउन मुलांना घेऊन पोटावाटोमी ओढ्याकाठच्या गुलामीवाल्या घरांत शिरला आणि पाच जणांना बाहेर काढून तलवारींनी तोडलं. जेम्स डॉयल आणि त्याची दोन मुलं त्यात होती. तिसरा सोळा वर्षांचा, त्याच्यासाठी आई महाला डॉयल पाया पडली, त्याला सोडलं. तीन वर्षांनी व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीचं सरकारी शस्त्रागार लुटायचा प्रयत्न फसून ब्राउन फाशीची वाट बघत होता तेव्हा या बाईनं त्याला पत्र लिहिलं. की आमच्याकडे एकही गुलाम नव्हता, कधी घ्यायचाही नव्हता, आता तुझीही पोरं गेली, तुला कळत असेल. आणि ज्याला मी मागून घेतलं तो आता मोठा झालाय, तुझ्या फाशीला हजर राहायची त्याची फार इच्छा आहे.

मी हे त्या घरासमोर उभं राहून बाबांना सांगितलं. ब्राउनला मी काय म्हणू ते मला अजून ठरवता येत नाही. चाळीस लाख माणसांचं रोजचं मरण ज्याला खरोखर आपलं वाटलं असा तो गोरा माणूस होता, आणि त्यानं त्या आईच्या दारात जे केलं तेही खरं आहे. २ डिसेंबर १८५९ ला फासावर जाताना त्यानं चिठ्ठी दिली, या अपराधी भूमीचे गुन्हे रक्ताशिवाय धुतले जाणार नाहीत याची मला आता खात्री आहे. दक्षिणेला वाटलं सगळी उत्तर अशीच आहे. वर्षभरात लिंकन निवडून आला, दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याला एक मत नाही, २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलिना फुटलं. २१ जानेवारी १८६१ ला फुटलेल्या राज्यांचे सिनेटर एकेक करून निरोपाची भाषणं देऊन उठून गेले, आणि त्याच दिवशी उरलेल्या सिनेटनं कॅन्ससला मुक्त राज्य म्हणून घ्यायचा ठराव मंजूर केला. सात वर्षं ज्याच्यावरून रक्त सांडलं ते रिकाम्या खुर्च्यांसमोर एका दिवसात झालं. एप्रिलमध्ये तोफा सुरू झाल्या.

परतीचा रस्ता मुद्दाम वरून घेतला, क्विन्सीला मुक्काम. सात वाजता मिसिसिपी ओलांडली, सूर्य मागे बुडत होता. बाबा म्हणाले थोडं थांबता येईल का. नदीकाठच्या पार्कमध्ये बसलो. पाणी तपकिरी, संथ, एक लांबलचक बार्ज चाललेली. मी त्यांना सांगितलं की लव्हजॉयच्या मशीनच्या सांगाड्याचा एक तुकडा पुढे विसाव्या शतकात आल्टनच्या गाळात सापडला.

"खिळे?"

खिळे नाही, बाबा.

ते काही वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, एकदा आमच्या छापखान्यात रात्री पूर्ण फर्मा हातातून निसटला, आठ पानं जुळवलेली, सगळे खिळे फरशीवर. मालक घरी गेलेला. आम्ही तिघं होतो, कंदील लावला अन् बसलो. एकेक उचलाचा, उजेडाले धराचा, कोणतं अक्षर हाय पाहाचं, अन् त्याच्या त्याच्या खणात टाकाचा. वेलांट्या बारीक असतात, त्या फटीत जाऊन बसतात, त्या सुईनं काढल्या. दोन रात्री लागल्या.